गेलं तर परत कुठून आणाल?

‘गुगलचं शंभर जीबी घेऊ की मायक्रोसॉफ्टचं एक टीबी?’ फोनवर ‘स्टोरेज भरत आलं आहे’ची पट्टी दिसायला लागली की हा प्रश्न घरोघरी निघतो. एखाद्या कंपनीचं नाव सांगून तो सुटत नाही, कारण काय ठेवायचं आहे याचा त्यात पत्ताच नसतो. डेटात सातबारा आहे, आजीच्या पंच्याहत्तरीचे फोटो आहेत, टॅलीचे हिशेब आहेत आणि व्हॉट्सअपवरची हजारो सुप्रभातंही आहेत. हे सगळं एकाच पोत्यात कोंबायचं आणि मग पोतं कुठलं घ्यावं म्हणून दुकानं हिंडायची, पैसे वाया जातात ते इथे.

पुण्याच्या नदीकाठच्या पेठांमध्ये ‘ते पानशेतला गेलं’ हे वाक्य जुन्या घरांतून अजून ऐकू येतं. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि मुठेचं पाणी शनिवार, नारायण, कसबा पेठांत शिरलं. अशा पुरात कपाटातलं सगळं सारखंच भिजतं, पण नुकसान सारखं होत नाही. ज्याची नोंद सरकारी दप्तरात असते, त्याची नक्कल हेलपाटे घालून का होईना, काढता येते. लग्नातल्या एकुलत्या एका फोटोची नक्कल कुठल्याच कचेरीत मिळत नाही. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हाही हिशेब तोच होता.

म्हणून कुठलीही सेवा विकत घेण्याआधी प्रत्येक प्रकारच्या डेटाला एकच प्रश्न विचारा: हे गेलं तर परत कुठून मिळेल? उत्तर ‘सरकारकडून’ असेल तर एक सोय, ‘कुठूनही नाही’ असेल तर दुसरी, आणि ‘मिळालं नाही तरी चालेल’ असं असेल तर कसलीच सोय नको.

सरकारकडून मिळणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात करू, कारण त्यांच्यावर पैसे खर्च करायची गरजच नाही. आधार, पॅन, वाहनपरवाना, गाडीचं आरसी बुक, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका यांच्यासाठी डिजिलॉकर आहे. २०१५ पासून ही सेवा चालू आहे आणि फुकट आहे. मात्र तिच्यात दोन कप्पे आहेत आणि त्यांतला फरक बरेच जण लक्षात घेत नाहीत. ज्या खात्याने कागद दिला त्याच्याकडूनच थेट डिजिलॉकरमध्ये आलेला कागद ‘इश्यूड’ कप्प्यात दिसतो आणि कायद्याने तो मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो. आपण फोटो काढून चढवलेला कागद दुसऱ्या कप्प्यात जातो आणि तो नुसता फोटोच राहतो. वाहतूक पोलिसाने अडवल्यावर गॅलरीतला लायसन्सचा फोटो दाखवून वाद घालणाऱ्यांनी एवढा फरक समजून घेतला तरी चौकातली वर्दळ थोडी कमी होईल.

जमिनीचंही तसंच. डिजिटल सहीचा सातबारा राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून पंधरा रुपयांत निघतो. खरेदीखताची सूची क्रमांक दोन नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर शोधता येते. मात्र मूळ खरेदीखत, जुनं मृत्युपत्र, वाटणीपत्र आणि बिल्डरशी झालेला करारनामा ‘सरकारकडे असेलच’ म्हणून सोडून देऊ नका. नोंद सापडते, पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या दस्ताची नक्कल काढताना किती दिवस जातात ते ज्याने काढली त्यालाच विचारा. असे कागद नीट स्कॅन करून पीडीएफ करा. पन्नास कागदांची पीडीएफ काही शे एमबीच्या पुढे सहसा जात नाही, त्यामुळे फुकटच्या जागेत ती सहज मावते. मूळ कागद कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात राहू द्या.

आता फोटो. घरोघरच्या जागेचं खरं दुखणं हेच आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच. १ जून २०२१ पर्यंत गुगल फोटोजमध्ये थोडा दर्जा कमी करून हवे तितके फोटो फुकट ठेवता येत. त्या दिवसापासून ते बंद झालं आणि सगळं पंधरा जीबीत मोजलं जाऊ लागलं. हे पंधरा जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहेत. पुढे अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअपचा बॅकअपही त्यातच धरला जाऊ लागला. परिणामी घरातल्या गटावर आलेल्या चतुर्थीच्या शुभेच्छा वर्षभराने तुमची बँकेची मेल अडवू शकतात, कारण जागा भरली की जीमेलमध्ये मेल येणं थांबतं. व्हॉट्सअपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन बॅकअपमधून व्हिडिओ वगळा आणि माध्यमं आपोआप उतरणं बंद करा. एवढ्यानेही अनेकांना जादा जागा विकत घ्यावी लागणार नाही.

एकदा फोनमधल्या फाईलींची नावं वाचून पाहा. ज्यांच्या नावात तारखेनंतर ‘डब्ल्यूए’ ही अक्षरं येतात, त्या व्हॉट्सअपवरून आलेल्या. पाठवताना व्हॉट्सअप फोटो दाबून लहान करतं. भावाच्या मुंजीचे तुमच्याकडचे सगळे फोटो ‘डब्ल्यूए’ असतील तर तुमच्याकडे मुंजीचे खरे फोटो नाहीतच, ते अजून कुणा मावसभावाच्या फोनमध्ये आहेत आणि तो फोन कधीतरी पाण्यात पडणार आहे. त्याच्याकडून ड्राइव्हची लिंक मागवा, किंवा व्हॉट्सअपवरच पाठवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, म्हणजे मूळ फाईल जशीच्या तशी येते. माझं मत विचाराल तर नवी सेवा विकत घेण्याआधी हे काम करावं. कारण मूळ फोटो हातात नसताना घेतलेलं दोन टीबी म्हणजे रिकामी खोली भाड्याने घेण्यासारखं आहे.

मग घ्यायचं कुठलं? घरात सगळ्यांकडे अँड्रॉइड असेल तर गुगल वन सोपं. एकाने घेतलेली जागा कुटुंबातल्या आणखी पाच जणांबरोबर वाटून घेता येते, आणि एकाचे फोटो दुसऱ्याला आपोआप दिसत नाहीत. घरात आयफोन जास्त असतील तर आयक्लाऊड. त्याचे फुकटचे पाच जीबी फार लवकर भरतात, पण फोनशी त्याचं जितकं जुळतं तितकं इतर कुणाचं जुळत नाही. वर्ड आणि एक्सेल रोज लागत असेल तर मायक्रोसॉफ्ट ३६५ घ्या. त्यासोबत माणशी एक टीबी वनड्राइव्ह येतं आणि फॅमिली योजनेत सहा जणांची सोय होते, त्यामुळे एका टीबीचा हिशेब केला तर बहुतेक वेळा हेच स्वस्त पडतं. दर बदलत राहतात, म्हणून आकड्यापेक्षा दोन गोष्टी बघा: वर्षाचे पैसे एकदम भरले तर किती सुटतात आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा दर काय असेल. पहिल्या वर्षाची फुकट किंवा सवलतीची जागा भरून बसलात की दुसऱ्या वर्षी मागतील ते द्यावं लागतं.

या सेवांबद्दल सगळ्यात घातक गैरसमज म्हणजे ‘ड्राइव्हवर आहे, म्हणजे बॅकअप आहे’. ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, आयक्लाऊड यांचं मुख्य काम सिंक करणं, म्हणजे सगळ्या यंत्रांवर एकच चित्र ठेवणं. लॅपटॉपवर फोल्डर पुसलं की ते क्लाऊडवरूनही पुसलं जातं. रॅन्समवेअरने फाईली कुलूपबंद केल्या की कुलूपबंद प्रत इमानदारीने वर जाते. कचरापेटी असते, पण तिला मुदत असते: गुगल ड्राइव्हमध्ये तीस दिवस, गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेल्या फोटोंना साठ दिवस. दिवाळीत मुलाने चुकून पुसलेलं फोल्डर संक्रांतीनंतर शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

त्यासाठी छायाचित्रकारांच्या जगातून आलेला ३-२-१ हा नियम घरालाही लागू पडतो. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तो रूढ केला. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. फोनमध्ये एक, क्लाऊडवर एक आणि एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक, एवढं पुरे. ती डिस्क वर्षातून दोनदा भरायची, बाकी वेळ काढून ठेवायची. सतत जोडलेल्या डिस्कवर रॅन्समवेअर लॅपटॉपइतक्याच सहज पोचतं.

क्लाऊडवर ठेवलं म्हणजे ते आगीपाण्यापलीकडे गेलं असंही नाही. सांभाळून ठेवलेलं जळण्याचा अनुभव पुण्यालाच आहे: ८ जानेवारी २००३ ला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातल्या जुन्या नायट्रेट फिल्म जळून गेल्या. ती फिल्म होती, पटकन पेट घेणारीच. पण १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला ओव्हीएच कंपनीचं आधुनिक डेटा सेंटर जळालं आणि ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती त्यांचा डेटा कायमचा गेला. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियातल्या डेजॉनला सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांनी पेट घेतला. त्यात सरकारी नोकरांचं जी-ड्राइव्ह नावाचं फाईलकोठार नष्ट झालं, ८५८ टेराबाइट. फार मोठं आहे म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती.

लहान व्यवसाय करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं, कारण त्यांच्यापुढे पर्याय ठेवला जातो आणि ते न वाचता स्वस्त पर्यायावर खूण करतात. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये भारतात आपली क्लाऊड केंद्रं सुरू केली, त्यातलं ‘सेंट्रल इंडिया’ नावाचं केंद्र पुण्यात आहे. अझुर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाऊडवर जागा घेताना प्रती कुठे ठेवायच्या ते विचारतात. एलआरएस निवडलं तर तिन्ही प्रती एकाच डेटा सेंटरमध्ये राहतात. झेडआरएसमध्ये त्या पुण्यातल्याच वेगवेगळ्या इमारतींत विभागल्या जातात. जीआरएसमध्ये पुण्याची प्रत चेन्नईच्या ‘साउथ इंडिया’ केंद्रातही जाते. जीआरएस महाग आहे. पण रोजच्या नोंदी आणि ग्राहकांची कागदपत्रं यांचा आकार फार नसतो, तिथे हा जादा खर्च खुशाल करा. बाकीच्या मालासाठी झेडआरएस पुरतं.

दुकान, क्लिनिक किंवा सीएचं ऑफिस चालवणाऱ्यांना एक कडक सूचना: टॅलीचं चालू डेटा फोल्डर ड्राइव्हच्या किंवा वनड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये ठेवू नका. फाईल उघडी असते, टॅली तिच्यात लिहीत असतं, त्याच वेळी सिंक ती वर ओढायला बघतं आणि कधीतरी मार्च अखेरीस नेमकी तीच फाईल खराब निघते. टॅलीतूनच बॅकअप घ्या, त्याला तारखेचं नाव द्या आणि ती बंद फाईल वर चढवा. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या प्रायव्हेट लिमिटेडला तर निवडीला फारसा वावच नाही. इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर, आणि ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून रोजच्या रोज घ्यावा लागतो. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न ‘किती जीबी’ असा न विचारता ‘सर्व्हर भारतात आहे हे लेखी देता का’ असा विचारा. रुग्णांची माहिती सांभाळणाऱ्या डॉक्टरांनाही लागू होणारा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. रिसेप्शनवरच्या मुलीच्या खाजगी जीमेलवर एक्स-रे साठवायची पद्धत तोवर बंद व्हायला हवी.

गृहनिर्माण सोसायट्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पुण्यात हा विषय घराघराशी जोडलेला आहे आणि कुणी लिहीत नाही. सोसायटीचं सगळं दप्तर बहुधा सेक्रेटरींच्या वैयक्तिक खात्यात असतं. मेंटेनन्सची एक्सेल शीट, सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं, लेखापरीक्षण अहवाल, लिफ्टचा करार, सगळं. पाच वर्षांनी समिती बदलते. जुने सेक्रेटरी फ्लॅट विकून मुलाकडे बंगळुरूला जातात, किंवा नव्या समितीशी त्यांचं बिनसलेलं असतं. मग रीडेव्हलपमेंटची बोलणी सुरू झाली की मंजूर नकाशा, भोगवटापत्र, कन्व्हेयन्स डीड, सभासदांची नोंदवही यांची शोधाशोध सुरू होते आणि तीन-चार पदाधिकारी एकमेकांच्या लॅपटॉपकडे बोट दाखवत बसतात.

याला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. सोसायटीच्या नावाने वेगळं खातं काढा. त्याचा पुनर्प्राप्तीचा फोन नंबर सोसायटीच्या ऑफिसचा ठेवा, कुणाचा खाजगी नको. पासवर्ड बंद पाकिटात चेअरमन आणि खजिनदार दोघांकडे असू द्या. पदभार देता-घेताना तो बदलायचा आणि इतिवृत्तात तशी नोंद करायची. फाईलींना ‘स्कॅन १’, ‘स्कॅन २’ अशी नावं न देता ‘२००४ भोगवटापत्र’, ‘२०१९ लेखापरीक्षण’ अशी वर्षाने सुरू होणारी नावं द्या, म्हणजे त्या आपोआप क्रमाने लागतात. पार्किंगचा वाद मिटणार नाही, पण कागद सापडतील. सीसीटीव्हीचं चित्रण मात्र क्लाऊडवर नेण्याच्या फंदात पडू नका. ते ‘मिळालं नाही तरी चालेल’ या वर्गातलं आहे. डीव्हीआरवर पंधरा-तीस दिवस राहिलं की पुरे. चोरी झाली तर तेवढा तुकडा लगेच वेगळा काढून ठेवायचा.

लग्नाचं चित्रीकरण करणारे, ढोल-ताशा पथकांचे व्हिडिओ बनवणारे आणि एडिटिंगची कामं घेणारे यांचं गणित वेगळं आहे. एका लग्नाचा कच्चा माल पाचशे जीबी धरू. १०० एमबीपीएसच्या लाइनवर तो चढवायला, वेग कुठेही न पडता, अकरा तास लागतात. ४० एमबीपीएसवर अठ्ठावीस. तेव्हा इथे काम डिस्कवर किंवा नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या सामायिक डिस्कवर, करायचं आणि क्लाऊड फक्त कोठार म्हणून वापरायचं. त्यासाठी गुगल वनसारखी घरगुती सेवा नको, ॲमेझॉनचं एस३ किंवा अझुर ब्लॉब घ्या, आणि त्यातही थंड दर्जा, म्हणजे क्वचित लागणाऱ्या मालाची स्वस्त जागा. ॲमेझॉनचं ‘डीप अर्काइव्ह’ नेहमीच्या जागेपेक्षा दहापट किंवा त्याहूनही स्वस्त आहे. अटी मात्र नीट वाचा: किमान १८० दिवसांचे पैसे द्यावेच लागतात, फाईल मागवल्यावर बारा तासांपासून दोन दिवसांपर्यंत थांबावं लागतं आणि खरा खर्च बाहेर काढताना होतो. मुंबई केंद्रातून एक टीबी एकदम उतरवला तर नुसत्या वाहतुकीचे सुमारे शंभर डॉलर होतात. म्हणजे जे बहुधा कधीच मागावं लागणार नाही तेच तिथे ठेवायचं. ज्यांचं लग्न आहे त्यांनीही फोटोग्राफरला करार करतानाच विचारावं की कच्चा माल किती महिने ठेवणार. ‘त्याच्याकडे असेलच’ ही समजूत पहिल्या वाढदिवसापर्यंतही टिकत नाही.

विद्यार्थ्यांसाठी एकच धोका सांगतो. कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या खात्यावर पूर्वी गुगल अमर्याद जागा देत असे. २०२२ पासून संपूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी असतात, म्हणून संस्था जुन्या विद्यार्थ्यांची खाती बंद करतात. पदवीच्या आधीच गुगल टेकआउटने सगळं उतरवून घ्या. संशोधनाचा डेटा इतरांनीही वापरावा असं वाटत असेल तर सर्न ही युरोपीय संशोधन संस्था चालवत असलेलं झेनोडो फुकट आहे. एका नोंदीत पन्नास जीबीपर्यंत ठेवता येतं आणि त्याला कायमचा क्रमांक मिळतो, प्रबंधात तो देता येतो.

गुप्त ठेवायच्या गोष्टी, म्हणजे मृत्युपत्राचा मसुदा, वैद्यकीय अहवाल, पॅन-आधारच्या प्रती, वर चढवण्याआधी आपणच कुलूपबंद करा. क्रिप्टोमेटर हे मोफत साधन ड्राइव्हमध्येच एक बंद तिजोरी करून देतं, कंपनीलाही आत काय आहे ते दिसत नाही. किल्ली हरवली तर तुम्हालाही दिसणार नाही, हे ओघाने आलंच. पासवर्ड मात्र तिथेही नको आणि ‘पासवर्ड’ नावाच्या एक्सेल शीटमध्ये तर नकोच. त्यांच्यासाठी बिटवॉर्डनसारखा पासवर्ड मॅनेजर वापरा.

सगळं मांडून झाल्यावर सहा महिन्यांनी एकदा एखादा जुना फोटो किंवा एखादं टॅलीचं वर्ष दुसऱ्या यंत्रावर उतरवून उघडून बघा. उघडत नसेल तर बॅकअप नाही, एवढा सरळ निकाल.

आणि आई-वडिलांच्या खात्यांकडे लक्ष द्या. गुगल दोन वर्षं न वापरलेलं खातं पुसू शकतं. ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये दहा जणांपर्यंत नावं देता येतात, म्हणजे खातं थांबल्यावर डेटा त्यांच्याकडे जातो. ॲपलवर त्यासाठी ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ आहे. कोथरूडमध्ये एकटे राहणारे वडील आणि सॅन होजेत मुलगी असं घर असेल तर ही नावं आज घातलेली बरी. त्याच वेळी पुनर्प्राप्तीचा नंबर तपासा. कित्येकांच्या खात्यात तिथे अजून रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलेल्या जुन्या सिमचा नंबर असतो आणि ओटीपी त्याच नंबरवर जात राहतो.